आमचा पत्ता आम्हाला द्या!

दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये एक हुकूम काढला. ३१ डिसेंबर २०२२ नंतर ज्या घराला, ज्या दुकानाला तारेवरून इंटरनेटची नवी जोडणी मिळेल, त्या जोडणीवर आयपीव्ही-६ म्हणजे सहाव्या आवृत्तीचे पत्ते चालले पाहिजेत. सरकारी कार्यालयांनी तर त्याच्याही सहा महिने आधी, ३० जून २०२२ पर्यंत, आपला सारा कारभार या पत्त्यांवर आणला पाहिजे. हुकुमाची भाषा स्वच्छ होती, तारखा स्वच्छ होत्या. त्या तारखा उलटून वर्षे लोटली. कोणत्या कंपनीचा परवाना यापायी अडला? कोणत्या खातेप्रमुखाला उभे करून जाब विचारला गेला? छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरात जा, मुकुंदवाडीत जा, टीव्ही सेंटरला जा आणि खांबावरून फायबर ओढणाऱ्या माणसाला विचारा, की बाबा रे, या जोडणीवर माझ्या घराचा स्वतःचा पत्ता येईल का? ‘स्टॅटिक आयपी पाहिजे का? त्याचे वेगळे पैसे पडतील,’ हेच उत्तर कानी येते. जे हुकुमाने मिळायला हवे ते विकत घ्या, असे नागरिकाला तोंडावर सांगितले जाते आणि हुकूम काढणारे खाते दिल्लीत स्वस्थ बसून राहते. हा निव्वळ कारभाराचा ढिसाळपणा नाही. ही हक्काची लूट आहे आणि तिला लूटच म्हटले पाहिजे.

वाचकांपैकी अनेकांना हा विषय परका वाटेल, म्हणून थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडा लागतो. तुम्ही मागितलेले पान, चित्र, पैसे भरल्याची पावती तुमच्यापर्यंत परत यायची ती या आकड्याच्या भरवशावर. हाच आयपी पत्ता. जुन्या, चौथ्या आवृत्तीत हा आकडा ३२ बिटांचा, त्यामुळे जगभरात मिळून असे पत्ते सुमारे ४२९ कोटी; त्यात एकाचीही भर पडू शकत नाही. भारताच्या नावावर त्यांतले चार कोटींच्या आसपास. माणसे १४० कोटी. म्हणजे पस्तीस माणसांमागे एक पत्ता! अमेरिकेच्या नावावर दीडशे कोटींहून अधिक, म्हणजे तिथे तान्ह्या मुलालाही चार-चार पत्ते वाट्याला येतात.

हे वाटप केले कोणी? इंटरनेट बाल्यावस्थेत असताना दक्षिण कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल हा संशोधक या आकड्यांची नोंद ठेवत असे आणि जो मागेल त्याला गठ्ठा लिहून देत असे. पोस्टेल प्रामाणिक माणूस होता. त्याच्यावर आमचा रोष नाही. पुढे निम्मे जग या तारांवर येऊन बसेल याची कल्पना त्या काळात कोणालाच नव्हती. पण मागायला दारात कोण होते ते पाहा. एमआयटी या एका विद्यापीठाला १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा गठ्ठा. फोर्ड या मोटार कंपनीला तेवढाच. प्रुडेन्शियल या विमा कंपनीला तेवढाच. अमेरिकेच्या टपाल खात्यालाही तेवढाच. एमआयटीने आपल्या गठ्ठ्यातला मोठा वाटा २०१७ मध्ये ॲमेझॉनला विकून टाकला. फुकट मिळालेला सार्वजनिक आकडा बाजारात उभा करून पैसे केले गेले आणि जगातल्या एकाही सरकारने हूं का चूं केले नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेलकडून ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलर मोजून उचलले. आणि पेंटॅगॉन? जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे सुमारे १७.५ कोटी पत्ते एकाएकी इंटरनेटवर प्रकटले, तेव्हा जगाला कळले की हा साठा वर्षानुवर्षे नुसता पडून होता. साऱ्या भारत देशाच्या वाट्याच्या चौपट पत्ते त्या एका खात्याच्या कोठारात धूळ खात होते!

परक्यांना शिव्या मोजून मोकळे होणे सोपे असते. आमचे भांडण तेवढ्याने मिटणारे नाही, कारण आपल्याच राज्यकर्त्यांनी दारे उघडायला केलेला उशीर या पापात बरोबरीचा भागीदार आहे. इथे माणसांची वानवा नव्हती. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संगणक संशोधनाची संस्था होती, श्रीनिवासन रमाणी यांच्यासारखे धुरंधर होते. ‘डॉट इन’ हे देशाचे नाव १९८९ सालीच या संस्थेच्या हाती आले होते. परंतु सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला, आणि तेही विदेश संचार निगम या एकाच सरकारी खिडकीवर. ती मक्तेदारी १९९८ च्या नोव्हेंबरात सुटली. ज्या वर्षांत पत्ते मागेल त्याला मिळत होते, नेमक्या त्या वर्षांत आमच्या उद्योजकांना मागण्याचा परवानाच नव्हता. चीनने १९९७ मध्ये आपली राष्ट्रीय नोंदणी संस्था उभी केली. आमची ‘इरिन’, निक्सी या संस्थेच्या छत्राखालची नोंदणी कचेरी, कामाला लागली २०१२ मध्ये. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला होता; आशिया-प्रशांत विभागाचे वाटप करणाऱ्या ब्रिस्बेनच्या एपनिक संस्थेने १५ एप्रिल २०११ पासून शिधा लावला होता. साठा संपल्यावर आम्ही वाटपाची कचेरी उघडली! त्यापूर्वी आपल्या कंपन्या थेट एपनिककडे जात होत्या हे खरे. पण देशाची गरज देशाच्या नावाने मांडणारा आवाज त्या ऐन मोक्याच्या वर्षांत नव्हता, हेही तितकेच खरे.

आता शिध्याचे माप पाहा. नव्याने धंद्यात येणाऱ्या कंपनीला त्या उरल्यासुरल्या साठ्यातून आधी १,०२४ पत्ते मिळत. २०१९ पासून फक्त ५१२. वाळूजमधला किंवा सिल्लोडमधला एखादा धडपड्या तरुण कर्ज काढून इंटरनेटचा धंदा उभारतो, दहा हजार घरांना तार देतो, तेव्हा त्याच्या हाती जुने पत्ते असतात ५१२. म्हणजे किमान वीस घरांना मिळून एक; आणि काटकसरीने वापरायचे ठरवले की शंभर घरांनाही एकच. या जुगाडाला धंद्यात ‘सीजीनॅट’ म्हणतात. आपल्या राउटरवर १०० या आकड्याने सुरू होणारा आणि पुढे ६४ ते १२७ पर्यंतचा आकडा दिसला, तर समजा, तुम्ही या गोठ्यात आहात. बाहेरच्या जगाला तुमचे घर दिसत नाही. दिसतो तो एक सामायिक आकडा, ज्याच्या आड तुम्ही आहात, शेजारी आहे, पलीकडच्या गल्लीतले वसतिगृह आहे आणि ज्याचे तोंडही तुम्ही कधी पाहिले नाही असा कोणी भामटाही आहे.

यात काय बिघडले, असे विचारणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओ चालतो, यूपीआय चालते, मग कशाला आरडाओरडा? त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातले पन्नास दिवस आठवावेत.

२००७ साल. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर कोणा नराधमाने छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारा मजकूर आणि चित्र टाकले. महाराष्ट्राचे रक्त तापले आणि ते तापणे रास्तच होते. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला. संकेतस्थळाकडून आयपी पत्ता मिळाला. तो पत्ता कोणाकडे होता, असे त्यांनी एका बड्या दूरसंचार कंपनीला विचारले. कंपनीने एक नाव दिले. ते नाव बेंगळुरूत माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचे होते. पोलिसांनी त्याला घरातून उचलले, पुण्यात आणले आणि येरवड्यात टाकले. महाराजांची विटंबना केल्याचा आरोप माथी घेऊन महाराष्ट्राच्या तुरुंगात राहणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पन्नास दिवस तो तिथे राहिला. आणि मग कळले की कंपनीने दिलेला तपशीलच चुकीचा होता. त्या पोराने काहीही केले नव्हते! पुढे राज्य मानवाधिकार आयोगाने कंपनीला दोन लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आम्ही विचारतो, पन्नास रात्रींचा हा भाव कोणत्या बाजारात ठरतो? ज्याच्या नावावर महाराजांच्या अपमानाचा डाग लागला, ज्याच्या आईबापांनी शेजाऱ्यांच्या नजरा सोसल्या, त्याची अब्रू दोन लाखांत परत येते का? आणि महाराजांचे नाव घेऊन निरपराधाला कोंडणे ही तरी महाराजांच्या न्यायाला साजणारी गोष्ट होती का?

आता वाचकांनी नीट लक्ष द्यावे. २००७ मधला तो घोटाळा सोप्या काळातला होता. त्या काळी तारेवरच्या जोडणीत एक पत्ता एका क्षणी साधारण एकाच ग्राहकाकडे असे. घड्याळ पुढे सरकले की पत्त्याचा धनी बदले, पण एका क्षणाचा धनी एकच. तरीही नावाची चूक झाली आणि माणूस कोठडीत गेला. आज एकाच सेकंदाला एकाच पत्त्याचे वीस, पन्नास, शंभर धनी आहेत. त्यांतला नेमका कोण, हे ठरवायला पत्ता पुरत नाही, मिनिटापर्यंतची वेळही पुरत नाही. सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि त्याबरोबर ‘पोर्ट’ क्रमांक लागतो. एका पत्त्याला असे ६५,५३६ पोर्ट असतात. कंपनी ते वाटून वेगवेगळ्या घरांना देते. कोणते पोर्ट कोणाकडे होते ही नोंद कंपनीने ठेवली पाहिजे. दूरसंचार खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात दुरुस्ती करून अशा नोंदी किमान दोन वर्षे ठेवायला लावल्या आहेत. ते ठीक झाले. पण ज्या संकेतस्थळावर गुन्हा घडला त्याच्या सर्व्हरने जर पोर्ट टिपलेच नसेल, तर कंपनीची वही उघडून उपयोग काय? सर्व्हरवर पोर्टही टिपत चला, अशी शिफारस इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्यांनी जून २०११ मध्येच करून ठेवली आहे. आणि तरीही किती संकेतस्थळे आजही नुसता पत्ता टिपून समाधान मानतात! अशा वेळी तपास अधिकाऱ्यापुढे शंभर घरांची यादी येते. त्या यादीतून एक नाव काढायचे. कोणत्या निकषावर काढायचे? आडनावावर? मोहल्ल्यावर? पूर्वीच्या एखाद्या नोंदीवर? आमच्या ज्या छत्रपती संभाजीनगर शहराने मे २०१८ मध्ये दंगलीची आग आणि तिच्यामागून बंद झालेले इंटरनेट, दोन्ही भोगले आहे, त्या शहराला हा प्रश्न किती भयंकर आहे ते सांगावे लागत नाही. एका आक्षेपार्ह मजकुरावरून रस्ते पेटू शकतात, तिथे त्या मजकुराच्या मागे चुकीचा माणूस उभा केला तर काय होईल?

ही भीती आमच्याच डोक्यातली नाही. युरोपातल्या पोलिसांची संस्था युरोपोल हिने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले की या सामायिक पत्त्यांमुळे गुन्हेगार लपतात आणि निरपराधांवर संशय जातो. बेल्जियमने तर २०१२ मध्येच तिथल्या कंपन्यांकडून कबूल करून घेतले, की एका पत्त्यामागे सोळांहून अधिक ग्राहक बसवायचे नाहीत. सोळा! आपल्याकडे असा आकडा कोणत्या परवान्यात लिहिला आहे? परवाना देणाऱ्यांनी तो का लिहून घेतला नाही?

तुरुंग ही टोकाची गोष्ट झाली. रोजची मानहानी वेगळीच. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसून प्रवेशाचा किंवा भरतीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला ऐन शेवटच्या तासाला ‘या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत’ अशी पाटी दिसते. तिने एकच विनंती केलेली असते, बाकीच्या तिच्या अदृश्य भागीदारांच्या असतात. चिकलठाण्याच्या लघुउद्योजकाला कारखान्यातले यंत्र घरून बघायचे असते, दुकानदाराला रात्री सीसीटीव्ही बघायचा असतो, एखाद्या मुलाला आपल्या खोलीतल्या संगणकावर स्वतःचे संकेतस्थळ उभे करून शिकायचे असते. सामायिक पत्त्यात हे थेट होत नाही, कारण बाहेरून येणाऱ्याला तुमचे दार सापडत नाही. मग तो परदेशी कंपनीच्या सर्व्हरवरून वळसा घालतो आणि आपल्या घराचे चित्र आपल्यालाच पाहायला परक्याच्या घरी पाठवतो, नाही तर महिन्याला ‘स्टॅटिक आयपी’चे पैसे भरतो. आमचे तरुण इंटरनेटचे फक्त गिऱ्हाईक झाले, धनी झाले नाहीत, याची जी अनेक कारणे आहेत त्यांतले हे एक ठसठशीत कारण आहे. ज्याला पत्ता नाही त्याला दुकान मांडता येत नाही, त्याला फक्त खरेदी करता येते.

आणि हे सारे सोसायचे कशासाठी? टंचाई आहे म्हणून? टंचाई जुन्या पत्त्यांची आहे. नव्या पत्त्यांचा तर महापूर आहे! सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची संख्या किती? ३४ लिहा आणि त्यावर ३७ शून्ये द्या. एखाद्या कंपनीने नोंदणी कचेरीकडे अर्ज केला की तिला नेहमीचा जो एक गठ्ठा मिळतो, त्या एका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख घरांना प्रत्येकी स्वतंत्र जाळे देता येते, आणि त्या प्रत्येक घरात पुन्हा २५६ वेगवेगळी जाळी करता येतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मराठवाड्याची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. म्हणजे आठही जिल्ह्यांतल्या सगळ्या घरांना, शाळांना, दवाखान्यांना, ग्रामपंचायतींना पुरून उरेल एवढा साठा एका लहानशा कंपनीला एका अर्जात मिळतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या शहराला कोणी शिकवावी लागत नाही. नाथसागर पैठणला भरलेला असतो आणि आमच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. पत्त्यांच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे. साठा तुडुंब, नळ कोरडा, आणि मधल्यामध्ये टँकरवाल्याची चांदी. ज्याला टंचाईतून महिन्याच्या महिन्याला पैसे सुटतात, तो टंचाई संपवायला कशाला हात घालील?

‘होत नाही हो, फार अवघड आहे,’ हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. कारण याच देशात ते झाले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फोरजी सेवा सुरू केली तेव्हा जुने पत्ते पुरणार नाहीत हे ओळखून तिने आपले जाळे सुरुवातीपासून सहाव्या आवृत्तीवर उभे केले. पाठोपाठ इतर मोठ्या मोबाइल कंपन्या त्या वाटेला लागल्या. आज सहाव्या आवृत्तीच्या वापरात भारत जगातल्या अगदी पुढच्या देशांत गणला जातो. गूगलच्या मोजणीत सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीय वापरकर्ते या आवृत्तीवरून येतात. खेड्यातल्या बाईच्या हातातल्या साध्या मोबाइलला जे जमले, ते शहरातल्या तारेवरच्या ब्रॉडबँडला आणि सरकारी सर्व्हरला का जमत नाही? जमत नाही हे खोटे आहे. करायचे नाही हे खरे आहे.

सरकारी सर्व्हरचा अपराध तर दुहेरी आहे, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही म्हणून आम्ही बोलतो. तुमच्या मोबाइलला नवा, स्वतःचा पत्ता आहे. पण ज्या संकेतस्थळावर तुम्हाला सातबारा काढायचा आहे, मालमत्ता कर भरायचा आहे, दाखला मागायचा आहे, ते जर जुन्याच आवृत्तीवर बसून राहिले असेल, तर तुमच्या फोनला आपला स्वतःचा पत्ता दाराबाहेर ठेवून पुन्हा त्या सामायिक आकड्यातूनच जावे लागते. जुन्यावर अडून बसलेले प्रत्येक सरकारी संकेतस्थळ नागरिकाला परत गर्दीत ढकलते. २०१० च्या जुलैत केंद्राने पहिला आराखडा काढला. त्यात केंद्राच्या आणि राज्यांच्या सर्व खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत सहावी आवृत्ती वापरायला लागावे असे म्हटले होते. मार्च २०१२ आला आणि गेला. २०१३ च्या आराखड्याने सरकारी कार्यालयांना डिसेंबर २०१७ पर्यंतची नवी मुदत दिली आणि घरगुती तारेच्या नव्या जोडण्यांना ३० जून २०१४ ची. तीही गेली. मग २०२१ चा हुकूम आणि त्याच्या २०२२ मधल्या तारखा. दहा वर्षे मुदतीला मुदत जोडली गेली. शेतकऱ्याने कर्जाचा हप्ता एकदा चुकवला तर दारात वसुलीवाला उभा राहतो. सरकारने स्वतःला दिलेला शब्द तीनदा मोडला तर त्याला ‘सुधारित वेळापत्रक’ असे गोंडस नाव मिळते. नोव्हेंबर २०२१ मध्येच निक्सीने तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ नेमले, शिकवणी वर्ग उघडले, प्रगती मोजणारे पान सुरू केले. चांगलेच केले. पण शिकवणीला परीक्षा नसेल आणि परीक्षेला निकाल नसेल, तर विद्यार्थी वर्गात येतो कशाला? हुकुमामागे दंड नसेल तर तो हुकूम नव्हे, ते विनंतीपत्र आहे.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक घराला, प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता मिळाला, तर सरकारला आणि कंपन्यांना माणसावर पाळत ठेवणे सोपे नाही का होणार? ही शंका घेणाऱ्यांना आम्ही वेड्यात काढणार नाही. तंत्राने यावर आधीच उपाय केला आहे. सहाव्या आवृत्तीतली यंत्रे आपल्या पत्त्याचा शेवटचा भाग ठरावीक काळाने बदलत राहू शकतात आणि आजचे बहुतेक फोन ते करतातच. पण घराचा आकडा तेवढा उघड राहतो, हे मान्य. त्याचे उत्तर कायद्यात आहे: पत्ता म्हणजे जोडणी, पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे तत्त्व तपासात आणि न्यायालयात दगडावरच्या रेघेसारखे पाळले गेले पाहिजे. घरात सहा माणसे असतात, वसतिगृहात साठ. जोडणी सापडली की तपास सुरू होतो, संपत नाही. पाळतीच्या भीतीने सर्वांनी एकाच गोणीत शिरून बसावे, हा मात्र उपाय नाही; गोणीवर दंडुका पडतो तेव्हा तो कोणाला लागला हे गोणीतल्यांनाच कळते.

या शहराची भूमिका आता ठरली पाहिजे. शेंद्रा-बिडकीनमध्ये दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी आहे. पंतप्रधानांनी २०१९ च्या सप्टेंबरात ऑरिक हॉलचे उद्घाटन केले, २०२४ च्या सप्टेंबरात बिडकीनचे लोकार्पण केले. विजेवरच्या गाड्यांचे कारखाने येत आहेत, टोयोटा-किर्लोस्कर येत आहे, अथर येत आहे. कारखान्यातले हजारो सेन्सर, मीटर, कॅमेरे, रोबो यांपैकी प्रत्येकाला पत्ता लागेल. ऑरिकला जगाच्या तोडीची जोडणी आणि चार कोसांवरच्या मुकुंदवाडीतल्या कामगाराच्या घराला शंभरातला एक हिस्सा, अशी दोन इंटरनेटे एका शहरात आम्ही चालू देणार नाही. माणसांचीही कमतरता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था आहे, चिकलठाण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. मराठवाड्यातल्या प्रत्येक केबलवाल्याला, प्रत्येक नगरपालिकेच्या संगणक कक्षाला बोलावून राउटर कसा बदलायचा, नवा पत्ता कसा चालू करायचा, हे दोन-चार दिवसांत शिकवता येईल एवढी विद्या या गावात आहे. छोट्या केबलवाल्यावर आमचा राग नाही. तो स्वतः टंचाईचा बळी आहे. त्याला शिकवा, हात द्या, आणि मगच त्याच्याकडून हिशेब मागा. राग आहे तो ज्यांच्याकडे पैसा आहे, इंजिनिअर आहेत, मिळालेला गठ्ठा आहे आणि तरीही जे ग्राहकाला गोणीत ठेवून ‘स्टॅटिक’चे पैसे उकळतात, त्यांच्यावर.

पोलीस आयुक्तांना आमचे जाहीर सांगणे आहे. शहराच्या सायबर पोलीस ठाण्यासाठी लेखी आदेश काढा: पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ यांशिवाय केवळ आयपी पत्त्यावरून कोणालाही अटक होणार नाही, घड्याळ भारतीय वेळेचे की ग्रीनिचचे, हे प्रत्येक पत्रात लिहिले जाईल, आणि कंपनीने दिलेले नाव दुसऱ्या पुराव्याशी पडताळल्याखेरीज कोणाच्याही दारावर थाप पडणार नाही. सर्व घड्याळे सरकारी वेळेशी जुळवा, असा सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहेच. तो कंपन्यांनी पाळला का, हे आरोपपत्राआधी विचारा. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठातल्या वकिलांनाही विनंती आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्या प्रमाणपत्राच्या पुढे जा. प्रत्येक जामीन अर्जात विचारा, की त्या क्षणी या पत्त्यामागे किती माणसे होती? हा प्रश्न एकदा न्यायमूर्तींच्या समोर स्पष्टपणे आला, की कंपन्यांच्या वह्या आपोआप नीट होतील.

महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय, विद्यापीठ, पोलीस आयुक्तालय आणि ऑरिकचा कारभार पाहणारी कंपनी, या पाचही ठिकाणी आम्ही आज एकच पत्र धाडले आहे. आपले संकेतस्थळ सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यावरून उघडते का? उघडत नसेल तर ३० जून २०२२ ची मुदत कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर मेली? आणि राउटर किंवा सर्व्हरच्या खरेदीची आपली शेवटची निविदा निघाली, तिच्यात सहाव्या आवृत्तीची अट होती का? पत्रात उत्तरासाठी तीस दिवस दिले आहेत. जे उत्तर येईल ते शब्दशः याच जागी छापू. ज्यांचे येणार नाही, त्या कार्यालयाचे नाव आणि कार्यालयप्रमुखाचे पद याच जागी, याच मथळ्याखाली छापू, आणि उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला छापत राहू.